नैरोबीची दुसरी बाजू

मुलास लंडनहून नोकरीचे पत्र आले, तर घरात पेढे वाटले जातात. तेच पत्र नैरोबीहून आले, तर आजीच्या डोळ्यांस पाणी येते व वडीलमंडळी चोऱ्यांच्या आणि रोगराईच्या गोष्टी सांगू लागतात. खराडीत शेतांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तेथील घरांत परदेशच्या नोकरीचा प्रश्न नित्याचाच झाला आहे. म्हणून केवळ ऐकीव भीतीवर नकार देण्यापूर्वी केनियाच्या या राजधानीची दुसरी बाजूही पाहावी, हे इष्ट होय.

प्रथम हवेविषयी. विषुववृत्त जवळ, म्हणून तेथे अंगाची लाही होत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही वर, वसलेले आहे. जुलैत तेथे लोकरीचे कपडे लागतात, आणि उंचीमुळे हिवतापाचे भयही बरेच कमी असते.

दुसरे असे की, तेथे आपण अगदीच परके नाही. १८९९ साली रेल्वेचा तळ म्हणून हे गाव वसले. तो लोहमार्ग घालण्यास हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मृत्यू पावले. पुढे १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले ते औंधच्या राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. त्यांच्या काळात हिंदी लोकांनी गांधीजींच्या स्मरणार्थ निधी उभारला, व तो सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांस खुल्या असलेल्या महाविद्यालयास मिळाला. आजचे नैरोबी विद्यापीठ त्यातूनच वाढले. २०१७ साली केनिया सरकारने तेथील आशियाई वंशाच्या नागरिकांस देशाचा चव्वेचाळिसावा समाज म्हणून मान्यता दिली.

त्या नगरीपासून आपण शिकावे असेही काही आहे. शहरातील करुरा अरण्य बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून वांगारी माथाई यांनी १९९९ साली मार खाल्ला, परंतु माघार घेतली नाही. त्यांस २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ते अरण्य आज सहकुटुंब फिरावयास खुले आहे. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची सोय तेथे २००७ सालीच सुरू झाली. आपल्याकडील यूपीआय आले ते २०१६ साली.

दोष नाहीत असे नव्हे. चोऱ्या होतात, किबेरासारख्या दाट झोपडवस्त्या आहेत, आणि २०२४ च्या जूनमध्ये करवाढीविरुद्धच्या निदर्शनांत माणसे प्राणास मुकली. म्हणून राहण्याची जागा कोणत्या भागात, रात्री ये-जा कशी, जवळ रुग्णालय कोणते, हे प्रश्न अवश्य विचारावेत. समाधानकारक उत्तरे मिळाली, तर मात्र केवळ ‘आफ्रिका’ या शब्दास भिऊन मुलास वा मुलीस अडवू नये.

आणि आजींसाठी एक गोष्ट. नैरोबीचे घड्याळ आपल्याहून अवघे अडीच तास मागे असते. येथे दिवेलागणीला सात वाजतात तेव्हा तेथे साडेचार झालेले असतात. लंडनच्या नातवाहून नैरोबीचा नातू संध्याकाळच्या गप्पांस अधिक जवळचा!