तिसऱ्या मजल्यावरची जमीन

एका वाचकाने विचारलं आहे: सळई वर घेताना ती अकरा केव्हीच्या तारेला लागली आणि कामगार जागीच गेला, अशी बातमी थोड्या थोड्या दिवसांनी येतेच. तारेवर कावळे बसतात, त्यांना काही होत नाही. हा माणूस तर तिसऱ्या मजल्यावर होता, पायात गमबूट होते. तो जमिनीला टेकला होताच कुठे?

प्रश्न नेमका मर्मावर बोट ठेवतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरक जवळजवळ नसतो, म्हणून त्याच्या अंगातून प्रवाह जात नाही. स्लॅबवरचा सळया बांधणारा फिटर मात्र जमिनीवरच उभा असतो. त्याच्या पायाखालची जाळी बीमच्या सळयांना बांधलेली असते, बीमच्या सळया कॉलमच्या सळयांना, आणि कॉलमच्या सळया खाली फुटिंगपर्यंत, ओल्या मातीतल्या काँक्रीटमध्ये गेलेल्या असतात. बाइंडिंग वायरच्या हजारो गाठींनी हा सगळा सांगाडा एकसंध लोखंड झालेला असतो.

हे लोखंड किती उत्तम अर्थिंग करतं, हे हर्बर्ट युफर या अमेरिकन तंत्रज्ञाने दाखवलं. त्याचं नाव मराठीत क्वचितच कोणी घेतं, म्हणून इथे जरा थांबतो. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ॲरिझोनात टूसॉन आणि फ्लॅगस्टाफजवळ सैन्याची बॉम्ब साठवायची कोठारं उभी राहत होती. वीज पडली तर काय होईल हे सांगायला नको, त्यामुळे अर्थिंग चोख हवं होतं. पण जमीन वाळवंटी, कोरडी ठणठणीत. नुसते गज ठोकून भागण्यासारखं नव्हतं. युफरने पायाच्या काँक्रीटमधल्या सळयाच अर्थिंग म्हणून वापरल्या. काँक्रीट वरून वाळलेलं दिसलं तरी मातीतला ओलावा शोषून आत धरून ठेवतं, आणि त्या क्षारयुक्त पाण्यातले आयन प्रवाह वाहून नेतात. सुमारे वीस वर्षांनी त्याने पुन्हा मोजमाप घेतलं, तेव्हाही रोध पाच ओमच्या आतच होता! अमेरिकेतले वायरमन अशा अर्थिंगला आजही ‘युफर ग्राउंड’ म्हणतात. पुढे त्या इमारतीत राहणाऱ्यांना जे लोखंड सांभाळतं, तेच बांधकाम चालू असताना फिटरच्या तळपायांखाली असतं.

अकरा केव्हीच्या एका तारेचं जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज साधारण ६,३५० असतं. एवढ्या दाबाखाली कातडीचा रोध टिकत नाही. शरीराचा रोध हजार ओम धरला तरी सहा अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. गमबुटाचं रबर सिमेंटच्या चिखलापासून पाय वाचवण्यासाठी असतं, या व्होल्टेजसाठी त्याची चाचणी झालेली नसते. शिवाय सळई ओढताना गुडघा नाहीतर कोपर जाळीला लागतंच.

साइटवर सर्रास म्हणतात, ‘लाइन ओढून घेते.’ लाइन ओढत नाही. कोरड्या हवेचा रोध मोडायला दर मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. टोकदार वस्तूपाशी हे गणित बदलतं, पण अकरा केव्हीची ठिणगी हातभर उडी मारत नाही. ओढल्यासारखं वाटतं ते स्नायूंमुळे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग केले. हातातली तार किती प्रवाहापर्यंत सोडता येते, हे त्यांना पाहायचं होतं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर भरली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे मूठ आवळली जाते आणि मनात आणूनही उघडत नाही. आपल्या गणितातला प्रवाह याच्या जवळपास चारशेपट आहे.

लाइन ओढत नसेल, तर सळई तिथे पोचते कशी? बारा मिलिमीटरची, बारा मीटर लांबीची सळई साडेदहा किलोंच्या आसपास भरते. उभी धरली की वेतासारखी डोलते. बुडाशी एका अंशाने कलली तर टोक वीस सेंटिमीटर सरकतं. तारही जागच्या जागी राहत नाही. साठ मीटरच्या गाळ्यात साठ सेंटिमीटर झोळ असेल आणि तार तीस अंशांनी तापली, तर तिची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर वाढते. ताण उतरल्यावर तार थोडी आखडते, तो हिशेब सोडला, तर एवढ्याने झोळ एक मीटरच्या वर जातो. सकाळी डोळ्यांनी अंदाज घेतलेलं अंतर भर दुपारी तेवढंच राहत नाही.

आपल्या नियमांत अकरा केव्हीची लाइन इमारतीपासून आडवी १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर लांब हवी असं आहे. पण हे माप इमारतीचं आहे, बारा मीटरची सळई धरलेल्या माणसाचं नव्हे. त्याच्यासाठी वेगळा नियम १९५६ च्या वीज नियमावलीतही होता: सळया, पाइप वगैरे सामान उघड्या तारांजवळून न्यायचं तर अधिकृत जाणकार माणसाच्या थेट देखरेखीखालीच. तो माणूस किती साइटवर दिसतो?

हल्ली वीज जवळ आली की वाजणाऱ्या हेल्मेटची जाहिरात होते. मला ती पटत नाही. सेन्सर डोक्यावर असतो आणि तार असते सळईच्या टोकापाशी, पाच-सहा मीटर पलीकडे. अमेरिकेत क्रेनसाठी ५० केव्हीपर्यंत १० फूट अंतर ठेवतात, तेही क्रेनच्या किंवा तिला लटकलेल्या सामानाच्या सर्वांत जवळच्या भागापासून मोजून. मोजायची खरी रीत ती.

आणखी एक घातक समजूत म्हणजे, सळई लागली, आवाज झाला, लाइट गेली, म्हणजे लाइन मेली. फिडर ट्रिप झाला की उपकेंद्रातला ऑपरेटर बऱ्याचदा ‘ट्रायल’ घेतो, म्हणजे पुन्हा चार्ज करून बघतो. बेशुद्ध साथीदाराला ओढायला धावलेला दुसरा माणूस नेमका तेव्हा सापडतो. म्हणून आधी उपकेंद्राला फोन, आणि वायरमनने तारा दोन्ही बाजूंनी अर्थ केल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. स्लॅबच्या दिवशी रीतसर शटडाउन घेतला, तर हेच अर्थिंग कामाला हात लावण्याआधी झालेलं असतं. लाइन हलवायची असेल तर त्याचा अर्ज आणि पैसे प्लिंथच्या आधी भरायला हवेत. आज ठेकेदार तो खर्च पुढे ढकलत राहतो, आणि सळई उचलायला उभ्या केलेल्या बिगाऱ्याला असा काही अर्ज असतो हेसुद्धा कोणी सांगितलेलं नसतं.