दाभोळच्या ओटीवर दोह्याची फायनल

खरं सांगू? दाभोळला गेले होते ते फक्त मासे खायला. दोन दिवस मोबाइल बंद, सुरमई चालू, एवढाच प्लॅन. दापोलीपासून तासाभराच्या अंतरावरचं बंदर. किनाऱ्यालगत काळ्या दगडाची जुनी मशीद, जेटीवरून धोपाव्याला जाणारी फेरीबोट. खाडीपलीकडे तो एन्रॉनवाला वीजप्रकल्प. (नाव दाभोळचं, प्रकल्प मात्र पलीकडच्या अंजनवेलला. बदनामी झाली ती दाभोळची!)

मैत्रिणीच्या मामूंच्या घरी उतरलो. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांसारखी मामूंचीही निम्मी जिंदगी आखातात गेलेली. चौदा वर्षं दोह्यात ड्रायव्हर. आता परत आलेत. ओटीवरच्या खुंटीला एक निळा स्कार्फ टांगलेला दिसला. मला वाटलं, चेल्सी असणार. कोकणात चेल्सी? सॉलिड!

‘‘चेल्सी नाय गो,’’ मामू म्हणाले. ‘‘बंगलोर. फायनलचा आहे. मी होतो तिथं.’’

कुठली फायनल? माझी पाटी कोरी. तुमचीही असेल, तर लाजू नका.

ती होती एएफसी कपची फायनल. आशियातल्या क्लबांची दोन नंबरची स्पर्धा. एक नंबरच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जपान, कोरिया, सौदीवाले. ज्यांना तिथलं दार बंद, त्यांच्यासाठी 2004 मध्ये ही सुरू झाली. म्हणजे सीरिया, जॉर्डन, लेबनॉन, आणि आपण.

पहिली फायनलच धमाल. दोन्ही टीम सीरियाच्या, दोन्ही दमास्कसच्या. अल-जैश आणि अल-वहदा. दोन सामने मिळून 3-3 बरोबरी, आणि निकाल लागला बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलांवर. एकाच शहरातल्या दोन टीमना ‘बाहेरचं’ मैदान! पुढची तीन वर्षं कप जॉर्डनला. 2008 च्या फायनलमध्ये बहारीनच्या मुहर्रकनं लेबनॉनच्या सफाला दोन सामन्यांत मिळून 10-5 नं धुतलं. हा फुटबॉलचा स्कोअर आहे बरं, टेनिसचा नाही. त्याच सफानं सेमीफायनलला आपल्या गोव्याच्या धेंपोला बाहेर काढलं होतं. धेंपो तेव्हा फायनलपासून एक पाऊल दूर होती. आपण त्या वर्षी काय बघत होतो? आयपीएलचा पहिला सीझन, अर्थात.

2009 पासून एकाच सामन्याची फायनल सुरू झाली आणि कुवेतचं राज्य आलं. कुवेत एससीनं 2009, 2012 आणि 2013 ला कप नेला. 2013 ला तर समोर कादसिया, म्हणजे तेही कुवेतचेच. अधूनमधून कुणीतरी मध्ये घुसायचं. 2010 ला अलेप्पोच्या इत्तिहादनं कुवेतमध्ये जाऊन कादसियाला पेनल्टींवर हरवलं. पुढच्याच वर्षी सीरियात युद्ध पेटलं आणि अलेप्पोचं काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. मामू हे सांगताना थांबले. त्यांच्याबरोबर गाड्या चालवणारा एकजण अलेप्पोचा होता. ‘‘तो त्या मॅचचं फार सांगायचा. घराचं नाय सांगायचा.’’

आता आपला 2016. बंगळुरू एफसी हा जेमतेम तीन वर्षांचा क्लब. सेमीफायनलला समोर आदल्या वर्षीचा विजेता, मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम. तिकडे 1-1, आणि इकडे कांतीरवा स्टेडियमवर सुरुवातीलाच गोल खाल्ला. मग सुनील छेत्रीनं दोन मारले, ख्वाननचा एक. 3-1! भारतीय क्लब पहिल्यांदा आशियाई फायनलला.

फायनल होती दोह्यात, 5 नोव्हेंबरला, शनिवारी. समोर इराकचा एअरफोर्स क्लब, म्हणजे अल-कुवा अल-जाविया. इराकमध्ये सामने घ्यायला परवानगी नव्हती, म्हणून दोहा हेच त्यांचं ‘घर’. मामूंना फुटबॉलची आवड शून्य. ते क्रिकेटवाले. खोलीतला केरळी पार्टनर ओढून घेऊन गेला. स्कार्फही त्यानंच घेऊन दिला.

‘‘चौदा वर्षांत त्या गावात मी इंडियाचं नाव एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो,’’ मामू म्हणाले. ‘‘एरवी आम्ही हळूच बोलायचो. साहेबांच्या गाडीत तर बोलायचंच नाय.’’

बंगळुरूचा नेहमीचा गोलकीपर अमरिंदर सस्पेंड झालेला. त्याच्या जागी राल्टे उभा राहिला आणि पोरगा चांगला खेळला. सत्तर मिनिटं 0-0. मग हम्मादी अहमदनं गोल मारला. त्या मोसमातला त्याचा सोळावा! 1-0 आणि खेळ खल्लास. एअरफोर्सनं पुढची दोन वर्षंही कप सोडला नाही. सलग तीन, हा पराक्रम दुसऱ्या कुणालाच जमला नाही.

‘‘हरल्यावर रडलात?’’ मी विचारलं.

‘‘छे. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्युटी होती.’’

इकडे भारतात तीनच दिवसांनी नोटाबंदी झाली. एटीएमच्या रांगेत कोण फुटबॉल आठवणार? ती फायनल आपल्या डोक्यातून पुसली गेली, त्याचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं. निम्मं कारण आपला आळस. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा क्लब या कपात खेळला आणि 2010 मध्ये बंदही झाला. पुणे एफसी 2014 ला खेळली. परदेशी क्लब बालेवाडीत येऊन गेले. मी तेव्हा पुण्यातच कॉलेजात होते आणि शनिवार-रविवार रात्र जागून मँचेस्टर बघत होते. पुढच्याच वर्षी पुणे एफसीही गेली.

कपाचा शेवट तसा गुपचूपच झाला. 2019 ची फायनल प्याँगयाँगहून हलवून क्वालालंपूरला नेली. 2020 ची स्पर्धा कोविडनं रद्द. मे 2024 मध्ये मस्कतला ऑस्ट्रेलियाच्या सेंट्रल कोस्ट मरिनर्सनं लेबनॉनच्या अल-अहेदला 1-0 हरवलं आणि दुकान बंद. त्याच्या जागी आता ‘चॅम्पियन्स लीग टू’ आहे. त्यातच ऑक्टोबर 2025 मध्ये एफसी गोवा फातोर्ड्याला अल-नस्रशी खेळली. रोनाल्डो आलाच नाही, गोवा 1-2 हरली.

एक हिशेब मात्र चुकता झालाय, आणि तो मामूंना माहीत नव्हता. एप्रिल 2022, रियाध. मोठ्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीनं त्याच एअरफोर्स क्लबला 2-1 हरवलं. त्या लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. विजयी गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईच्या पोराचा!

मामूंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘त्याच टीमला? खरं सांगतेस?’’

जेटीवर फेरीची वाट बघत आम्ही माझ्या फोनवर तो गोल शोधला. रेंज जात-येत होती. बोट लागली तरी व्हिडिओ फिरतच होता. ‘‘जाऊ दे, ही सोड,’’ मामू म्हणाले. ‘‘पुढची घे.’’