ग्रामपंचायतीचं धुराचं मशीन चालू होत नाही? नळी कापण्याआधी हे वाचा

नामपूर : पावसाळा सरत आला की मोसम खोऱ्यातल्या गावांत डेंग्यूची धास्ती सुरू होते आणि डासांसाठी धूर मारायचं मशीन बाहेर काढलं जातं. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं मशीन ऐनवेळी रुसतं. मग कुणी नळी ठोकतं, कुणी कापून वेल्डिंग मारतं. घोळ तिथंच होतो.

खांद्याला अडकवायच्या या मशीनमध्ये बहुधा 'पल्सजेट' इंजिन असतं. त्यात पिस्टन नाही, क्रँक नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जर्मनीने लंडनवर सोडलेल्या व्ही-१ बॉम्बला याच जातीचं इंजिन होतं.

चालतं कसं?

पेट्रोल-हवेचं मिश्रण छोट्या भांड्यात पेटतं. गरम वायू लांब नळीतून जोरात बाहेर पळतो आणि मागे पोकळी पडते. त्या ओढीने पडदा उघडतो, नवं पेट्रोल आणि हवा आत येते. नळीतला थोडा वायू उलटा फिरून तिला दाबतो आणि आतल्या उष्णतेनेच पुढचा भडका होतो. ठिणगी फक्त सुरुवातीला लागते. 'भर्रर्र' आवाज म्हणजे हेच भडके.

नळीचं माप का महत्त्वाचं?

बासरी लांब असेल तर सूर जाड, छोटी असेल तर बारीक. इथेही तसंच. व्ही-१ चं इंजिन साडेतीन मीटरच्या आसपास लांब होतं, त्यात सेकंदाला सुमारे ४५ भडके व्हायचे. आपल्या मशीनची नळी आखूड, म्हणून भडके जास्त. नळी कापली, तिला भोक पडलं किंवा आत काजळी साचली, की ताल बिघडतो आणि मशीन बंद पडतं. व्हिडिओ पाहून घरी असं इंजिन बनवणाऱ्यांचंही घोडं बऱ्याचदा याच मापावर अडतं.

काय करावं?

- आधी नळीतली काजळी साफ करा, पडदा तपासा. फाटला असेल तर बदला.
- नळी खराब असेल तर त्याच मापाची कंपनीची नळी बसवा.
- बंद करताना आधी औषधाचा कॉक बंद करा, मग इंजिन.
- चालता चालता इंजिन बंद पडलं, तर कॉक लगेच बंद करा. तापलेल्या नळीवर तेलकट औषध पडलं तर जाळ होतो.
- मशीन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका.

आणि एक लक्षात ठेवा, धुराने फक्त उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. त्यासाठी टाक्या, रांजण आणि कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करावेच लागतील.