झोपेत दात खाताय? जंत नाही, जबडा बघा

आजचा भाग एका आवाजाबद्दल. कर्र... कर्र... जो काढतो त्याला ऐकू येत नाही आणि शेजारच्याला झोप येत नाही.

माझा रूममेट चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टला जातो. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, झोपेत दात काय खातोस रे!" त्याने घरी फोन लावला. आईचं उत्तर ठरलेलं, "जंत झाले असतील, गोळी घे." गोळी घेतली, आवाज चालूच. पुढे एक दिवस थंड पाणी पिताना दाढेतून अशी कळ गेली, की थेट दंतवैद्याकडे गेलो. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते.

इथेच खरी गंमत संपते. मोडलेलं हाड जुळतं, पण दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा झिजलं की पुन्हा येत नाही.

मग कारण काय? या सवयीला ब्रुक्सिझम म्हणतात. जंतांशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. ताण, तुटक झोप, तंबाखू, दारू, जास्त चहा-कॉफी यांनी ती वाढते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही होते. पण औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर तेही तपासून घ्या. लहान मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा वयाबरोबर आपोआप थांबतं.

कसं ओळखायचं? सकाळी जबडा जड वाटतो, कानशिलं दुखतात, जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसतात. आणि सगळ्यात भरवशाचा रिपोर्ट रूममेटचा!

उपाय काय? दंतवैद्य तुमच्या दातांचं माप घेऊन नाइट गार्ड बनवतात. तो सवय मोडत नाही, पण झीज दातांऐवजी स्वतःवर घेतो. ऑनलाइन मिळणारा तयार गार्ड नीट बसेलच असं नाही. कुणी पहिल्याच भेटीत "सगळे दात घासून सारखे करू" म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण घासलेला दातही परत येत नाही. खर्चाची काळजी असेल, तर आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

आता फोन हातात आहेच, तर दर दोन तासांनी वाजेल असं रिमाइंडर लावा. वाजलं की बघा: दात एकमेकांवर दाबलेत का? ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल, हीच आरामाची स्थिती. दात टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना. झोपण्याआधी गालांना कोमट शेक द्या आणि संध्याकाळनंतरचा चहा सोडा.

रूममेट आता गार्ड लावून झोपतो. दाढा होत्या तशा झाल्या नाहीत, पण पुढची झीज थांबली. तुमच्या खोलीतही कुणी दात खात असेल, तर त्याला हसू नका, हा भाग पाठवा. भेटूया पुढच्या भागात!