व्हर्जिनियाच्या बास्केटबॉल-संघाचें एक वर्ष

बास्केटबॉल हा खेळ आपल्या शाळांतून आतां इतका रुळला आहे कीं, तो कोठून आला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां यावें म्हणून, सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून तो सुरू केला. त्या देशांत कॉलेजांच्या सामन्यांस आज जें महत्त्व आलें आहे, त्याची कल्पना आपणांस येथें बसून येणें कठीण. त्यांपैकीं एका संघाच्या एका वर्षाची हकीकत मी विद्यार्थिमित्रांस सांगणार आहें. तो संघ अखेर जिंकला. परंतु त्या वर्षाचा खरा आरंभ एका लाजिरवाण्या पराभवांत आहे, आणि म्हणूनच ही हकीकत सांगण्याजोगी वाटते.

प्रथम स्पर्धेची रचना समजून घेतली पाहिजे. दर वर्षीं मार्च महिन्यांत देशांतील ६८ निवडक संघ राष्ट्रीय स्पर्धेस उतरतात. त्यांचे चार विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागांत संघांस पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत क्रम देतात. पहिल्या क्रमांकाची गांठ पहिल्याच फेरींत सोळाव्याशीं पडते. जो एकदां हरला तो घरीं गेला. दुसरी संधि नाहीं. १९८५ पासून २०१८ पर्यंत पहिल्याचे व सोळाव्याचे असे १३५ सामने झाले होते आणि त्या सर्वांत पहिलाच जिंकला होता.

ता. १६ मार्च १०१८ नव्हे, २०१८! (जुनी गोष्ट सांगण्याची संवय लेखणीस फार.) त्या दिवशीं शार्लट शहरीं व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर परगण्यांतील शाखेविरुद्ध उभा राहिला. व्हर्जिनियानें त्या वर्षीं ३१ सामने जिंकले होते व केवळ दोन गमावले होते. सबंध स्पर्धेंत त्यास अग्रस्थान दिलेलें होतें. मध्यंतरास दोघांचे गुण २१-२१ असे सारखे होते. उत्तरार्धांत मात्र बाल्टिमोरच्या मुलांनीं ५३ गुण केले आणि सामना ७४-५४ असा जिंकला. जें कधींच घडलें नव्हतें तें घडलें, आणि तेंहि वीस गुणांनीं! व्हर्जिनियाचा उत्तम खेळाडू डिआंड्रे हंटर मनगटाचें हाड मोडल्यामुळें त्या दिवशीं खेळला नव्हता. परंतु प्रशिक्षक टोनी बेनेट यांनीं त्या गोष्टीची सबब पुढें केली नाहीं. प्रतिपक्ष आपणांपेक्षां फार सरस खेळला, असें त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें.

टीका मात्र पुष्कळ झाली, आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. बेनेट यांची पद्धति त्यांच्या वडिलांकडून, म्हणजे डिक बेनेट या नामांकित प्रशिक्षकांकडून, त्यांस मिळालेली. तिचें सार असें: टोपलीपासून सुमारें सोळा फुटांवर एक काल्पनिक रेषा आहे असें मानावयाचें, ज्याच्याकडे चेंडू असेल त्याच्यावर एकानें चालून जावयाचें व उरलेल्या चौघांनीं रेषेच्या आंत दाटीनें उभें राहून टोपलीकडील वाट बंद करावयाची. स्वतःकडे चेंडू आला म्हणजे घाई न करितां नियमाचे ३० सेकंद जवळजवळ पुरे वापरावयाचे. यामुळें सामना अत्यंत संथ चाले. आतां गणिताच्या दृष्टीनें पाहा. दोन्ही पक्षांस चेंडू फेकण्याच्या संधि जितक्या अधिक, तितका दैवाचा भाग कमी होऊन बलवानाचें बल प्रकट होतें. संधि थोड्या असल्या म्हणजे दुर्बळासहि एखादा दिवस साधतां येतो. नाणें दहा वेळां उडविलें तर सात छापे सहज पडतील. हजार वेळां उडविलें तर सातशें पडणार नाहींत. संथ खेळणारा बलवान संघ आपण होऊन स्वतःस धोक्यांत घालतो, असें टीकाकारांचें म्हणणें.

बेनेट यांनीं काय केलें? बचाव त्यांनीं सोडला नाहीं. संथपणाहि सोडला नाहीं. पुढील वर्षीं साडेतीनशेंहून अधिक संघांत त्यांचा संघ सर्वांत संथच होता. परंतु चढाईच्या रीतींत त्यांनीं नव्या युक्तीची भर घातली आणि काइल गाय, टाय जेरोम व हंटर या तिघांच्या दूरच्या फेकीचा पुरा उपयोग होईल अशी व्यवस्था केली. मूळ राखून उणीव भरून काढणें हें, माझ्या मतें, सर्व टाकून नव्यानें मांडण्यापेक्षां अवघड काम आहे. गाय यानें तर पराभवानंतर आपल्या मनाची अस्वस्थता व भीति उघडपणें लिहून प्रसिद्ध केली. विशींतल्या मुलानें हें करणें सोपें नाहीं.

२०१८-१९ च्या हंगामांत स्पर्धेपूर्वीं संघानें २९ सामने जिंकले व तीन गमावले. दोन ड्यूक विद्यापीठाकडून, एक फ्लोरिडा स्टेटकडून. पुन्हां पहिला क्रमांक, पुन्हां समोर सोळावा: गार्डनर-वेब. आणि पूर्वार्धांत हा सोळावा संघ चौदा गुणांनीं पुढें गेला! प्रेक्षकांच्या मनांत काय आलें असेल तें सांगावयास नको. व्हर्जिनियानें तो सामना अखेर ७१-५६ असा जिंकला. ओक्लाहोमा व ऑरेगन यांवरील विजयांविषयीं विशेष लिहिण्यासारखें नाहीं.

पर्ड्यूविरुद्धचा सामना मात्र विसरण्याजोगा नाहीं. त्या पक्षाच्या कार्सन एडवर्ड्सनें एकट्यानें ४२ गुण केले. सहा सेकंदांहून कमी वेळ उरला असतां व्हर्जिनिया दोन गुणांनीं मागें होतें आणि जेरोमची मोकळी फेक चुकली. गिनी देशाहून आलेल्या ममादी डियाकिटेनें चेंडू मागें टोलविला; तो दूर आपल्याच अर्ध्या भागांत गेला. काइहाय क्लार्क नांवाच्या, पांच फूट नऊ इंच उंचीच्या, पहिल्या वर्षाच्या मुलानें धांवत जाऊन तो गांठला, आणि स्वतः फेंकण्याचा मोह आवरून लांबून नेमका डियाकिटेच्या हातीं दिला. घंटा वाजतां वाजतां चेंडू जाळींत पडला. जादा वेळांत ८०-७५ असा जय मिळाला.

उपान्त्य सामन्यांत ऑबर्नविरुद्ध सहा दशांश सेकंद उरला असतां गाय यास तीन मोकळ्या फेका मिळाल्या. संघ दोन गुणांनीं मागें. तिन्ही बिनचूक, ६३-६२. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्यापूर्वीं कांहीं सेकंद जेरोमकडून नियमाचा भंग झाला होता व तो पंचांच्या दृष्टींतून निसटला. ऑबर्नच्या मुलांस तें शल्य राहिलें असल्यास नवल नाहीं.

ता. ८ एप्रिल २०१९ रोजीं मिनिॲपोलिस येथें टेक्सस टेकशीं अंतिम सामना झाला. सुमारें बारा सेकंद राहिले असतां, आदल्या वर्षीं बाहेर बसलेल्या हंटरनें तीन गुणांची फेक साधून ६८-६८ अशी बरोबरी केली. जादा वेळांत ८५-७७ असा विजय झाला. हंटरचे गुण २७, गायचे २४. १८१९ सालीं जेफरसननें स्थापिलेल्या विद्यापीठास द्विशतसांवत्सरिक वर्षांत बास्केटबॉलचें पहिलें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत बेनेट यांस पगारवाढ देऊं केली असतां ती त्यांनीं नाकारली व तो पैसा सहकाऱ्यांसाठीं आणि खेळाडूंसाठीं खर्चावा असें सुचविलें. २०२० ची स्पर्धा कोविडच्या सांथीमुळें झालीच नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत बेनेट निवृत्त झाले.

आणि क्लार्क? तो पुढेंहि व्हर्जिनियाकडूनच खेळला. ता. १६ मार्च २०२३ रोजीं, म्हणजे त्या जुन्या पराभवास बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, फर्मन विद्यापीठाविरुद्ध पहिल्या फेरींत त्याचा संघ दोन गुणांनीं पुढें होता. कोपऱ्यांत दोघांनीं घेरल्यावर त्यानें चेंडू लांब फेंकला. या वेळीं तो प्रतिपक्षाच्या हातीं पडला, आणि व्हर्जिनियाचा संघ ६८-६७ असा हरून घरीं गेला.