पारा, मंत्री आणि एक अट

जपानमध्ये पर्यावरण मंत्रालय आले ते २००१च्या जानेवारीत. त्याआधी तीस वर्षे होती ‘पर्यावरण एजन्सी’. तिचा महासंचालक मंत्रिमंडळात बसे खरा; पण उद्योग, रस्ते, आरोग्य ही खाती दुसऱ्यांकडे.

एजन्सी १ जुलै १९७१ रोजी सुरू झाली आणि त्याच महिन्यात हे पद ओइशी बुइची यांच्याकडे आले. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. ओझे या पाणथळ प्रदेशातून जाणारा रस्ता त्यांनी थांबवला, म्हणून त्यांचे नाव आजही निघते. खरी कसोटी मात्र मिनामाताची होती.

तिथल्या रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा माशांतून माणसांच्या मेंदूपर्यंत पोचला होता. हातापायांना बधिरता, तोल जाणे, नजरेचा आवाका आक्रसणे ही लक्षणे. भरपाईसाठी सरकारी दाखला लागे. पाऱ्याचा परिणाम नाकारता येत नसेल तर रुग्णाला मान्यता द्या, असे एजन्सीने ऑगस्ट १९७१मध्ये कळवले. डॉक्टरला शोभणारा निर्णय!

१९७७मध्ये निकष बदलले. नुसती बधिरता पुरेना, सोबत इतर लक्षणेही हवीत. हजारो अर्ज फेटाळले गेले. पुढे २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण न रोखल्याबद्दल सरकारलाच जबाबदार धरले. २०१३मध्ये त्याच न्यायालयाने, केवळ बधिरता असलेल्या रुग्णालाही मान्यता मिळू शकते, असे सांगितले. तोवर एजन्सीचे मंत्रालय झाले होते. १९७७चे निकष मात्र मंत्रालयाने त्या निकालानंतरही रद्द केले नाहीत.