अकबराचा मक्तबखाना

फत्तेपूर सिक्री येथे १५७५ मध्ये उभारलेल्या इबादतखान्यात प्रथम उलेमा आणि पुढे ब्राह्मण, जैन, पारशी व गोव्याहून पाचारण केलेले जेझुइट पाद्री अकबरासमोर आपापल्या धर्माची बाजू मांडीत. त्या वादसभांची कीर्ती मोठी आहे. परंतु त्याच दरबारातील मक्तबखाना, म्हणजे ग्रंथानुवादाचे दफ्तर, मला अधिक मोलाचे वाटते. कारण वादसभेत प्रतिपक्षाचे म्हणणे बहुधा खंडनासाठी ऐकले जाते, तर येथे ते समजून घेतल्यावाचून लेखणीच पुढे सरकत नसे.

१५८२ मध्ये महाभारत फारसीत आणण्याचा हुकूम सुटला. देव मिश्र, शतावधान, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज आदी पंडितांनी श्लोकांचा अर्थ हिंदवीत उलगडून सांगावा आणि नकीबखान, मुल्ला शीरी, सुलतान हाजी थानेसरी, अब्दुल कादिर बदायुनी यांनी तो फारसीत उतरवावा, अशी कामाची रीत होती. सिद्ध झालेल्या ग्रंथाला ‘रज्मनामा’ हे नाव मिळाले, दसवंत व बसावन यांसारख्या चित्रकारांनी त्याची शाही प्रत सजवली आणि उमरावांनी नकला करवून घ्याव्यात अशी आज्ञा झाली. अबुल फजलने १५८७ च्या प्रस्तावनेत या खटाटोपाचा हेतूही सांगितला आहे: हिंदू व मुसलमान या उभय समाजांना परस्परांचे ग्रंथ वाचता आले, तर अज्ञानातून पोसलेले वैर ओसरेल.

या दफ्तराचे खरे सामर्थ्य मात्र बदायुनीच्या ठायी दिसते. हा कर्मठ विद्वान या कामगिरीला पाप समजे आणि आपला संताप गुप्तपणे लिहिलेल्या इतिहासात ओती. तरीही सुमारे चार वर्षे खपून त्याने रामायणाचा अनुवाद १५८९ मध्ये पुरा केला. ज्याच्या मनात औदार्य नव्हते त्याच्याही हातून औदार्याचे कार्य घडले, ते संस्थेच्या शिस्तीमुळे. सहिष्णुता केवळ सत्पुरुषांच्या अंतःकरणावर सोपवली, तर ती त्यांच्याबरोबरच मावळते. तिला दफ्तर, वेतन आणि नित्याचे काम लाभले, म्हणजे ती पिढ्या ओलांडते. अकबराचा पणतू दारा शुकोह याने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या साहाय्याने उपनिषदे फारसीत आणली आणि त्या फारसीवरूनच पुढे ती लॅटिनमध्ये जाऊन युरोपातील तत्त्वज्ञांच्या हाती पडली; मक्तबखान्याने घालून दिलेल्या परिपाठीचे याहून मोठे यश कोणते?